मामीच्या मोहाला नारिंगी फीत

सालेकसाच्या जंगलात हिऱ्याचा शोध सुरू झाला, तेव्हा मी पत्रक लिहिलं. ‘हिरा त्यांचा, खड्डा आमचा’ हा मथळा मला फार आवडला होता. गठ्ठा घेऊन मामीच्या गावी गेले. मोहफुलांचा हंगाम ऐन भरात, आणि मामी सकाळीच घरी बसलेली.

“मामी, फुलं येचाले नाही गेली?”

“माह्या झाडायले फीत बांधली ना त्यायनं. आता कायले जाऊ?”

आमच्याकडे मोहाला पळसाच्या मुळाची दोरी बांधतात. दोरी ज्या घराची, खाली पडलेलं फूलही त्याच घराचं. याला कागद लागत नाही. सर्वेवाल्यांनी मामीच्या तीन झाडांना तिच्या दोरीच्या वर नारिंगी फीत बांधली, आणि अख्ख्या गावाने अर्थ लावला की झाडं गेली. मामीनेही तोच लावला. पाच दिवस ती तिकडे फिरकली नव्हती. पावसाळ्यातलं तिचं तेल-मीठ याच तीन झाडांवर चालतं.

“मी तोडून टाकते ती फीत.”

“तोडू नको. दुसऱ्याची दोरी आपण नाही तोडत. बांधली त्यानं, सोडन बी तोच.”

मी तणतणत नाल्यावर, सर्वेवाल्यांकडे गेले. दोन मजूर चाळणीत वाळू धूत होते. सर्वेचा साहेब, माझ्याहून थोडासाच मोठा, पांढऱ्या कागदावर सुईने लाल दाणे वेगळे करत होता. हे दाणे सापडले तर जवळपास किम्बरलाइट, म्हणजे हिरा पोटात घेऊन वर आलेला खडक, असू शकतो, असं त्याने न विचारता सांगितलं.

“आणि फीत?”

“वो तो सिर्फ लाइन की निशानी है, मॅडम. त्या रेषेने यंत्र घेऊन चालायचं, खडकाचं चुंबकत्व मोजायचं. पेड़ किसी का भी हो, हमें क्या?”

“तेच तर. कोणाचं ते विचारलंच नाही तुम्ही.”

त्याने माझ्या हातातलं पत्रक घेतलं. दोन्ही बाजू वाचल्या. “यात पण मोहाचं काही नाही,” म्हणाला. मी त्याला मामीच्या दोरीचं सांगितलं. 

तो लगेच झाडांपाशी आला. त्याने स्वतः तिन्ही फिती सोडल्या. खाली फुलं काळी पडून सडली होती, रानडुकरांनी तुडवली होती. मामी टोपली घेऊन लांब उभी राहून बघत होती. शेवटची गाठ सुटल्यावर जवळ आली.

“हिरा निघाला त काय करान गा, साहेब?”

“लगेच काही नाही, मावशी. आधी खोल भोकं पाडून खडक काढतील. त्यात हिरा किती, कसा, खाण परवडते का, ते बघतील. वर्षं जातात त्यात.”

“आन् परवडली त माहे झाडं?”

तो फीत बोटांभोवती गुंडाळत राहिला.

 मामीने आपली दोरी घट्ट केली, टोपली माझ्याकडे दिली आणि खाली बसून काळ्या फुलांवर पडलेली आजची पिवळसर फुलं एकेक वेचू लागली.