चांदीशी बोलणारा कंपाउंडर

गडचिरोलीच्या ढोरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर माणसांशी बोलतच नसे. आमची कुत्री चांदी आजारी पडल्यावर मी तिला रोज खांद्यावर टाकून न्यायचो. तो तिच्या कानाशी वाकून म्हणायचा, “काऊन घाबरून राह्यली वं? तुह्या मालकाले सांग, सांजच्याले पेज पाजा म्हनावं.”

मी समोरच उभा असायचो. रागच यायचा. पण खिडकीतून मोहफुलांचा वास यायचा, त्याच्या आवाजानं कुत्रीचे डोळे मिटत जायचे, आणि सगळा दवाखाना हळूच कुठंतरी तरंगत निघाल्यासारखा वाटायचा.

त्या सकाळी त्यानं तिला तपासलं. सुई स्टोव्हवरच्या पाण्यात उकळत होती, ती त्यानं काढलीच नाही. स्टोव्ह विझवला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं.

“भाऊ,” तो म्हणाला, “हिले मांडीवर घ्या.”