स्पंजातला ब्रँड अँबॅसिडर

पहिली चूक माझीच. मी स्टेजवर जाऊन बसलो.

जळगावचं मैदान. सकाळचे साडेपाच. बोलताना तोंडातून वाफ निघेल अशी थंडी. स्टेजवर पांढरी कव्हरं घातलेले सोफे, पुढे पाण्याच्या बाटल्या. अध्यक्षसाहेबांनी फोनवर सांगितलं होतं, ‘‘मामा, यंदाच्या मॅरेथॉनचे ब्रँड अँबॅसिडर तुम्ही.’’ आता ब्रँड अँबॅसिडर म्हणजे स्टेजवरचा माणूस, एवढी माझी अक्कल. त्यातही नम्रता दिसावी म्हणून कडेचा सोफा धरला. एक बाटली फोडून दोन घोट पाणी प्यालो. खाली उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांना हातही हलवून दाखवला.

गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक पोरगी आली. ‘‘मामा, इथे नाही. तुमचं मागे आहे.’’

मागे म्हणजे स्टेजच्या मागे, जनरेटरपाशी. तिथे एक काळी प्लास्टिकची पिशवी ठेवली होती. त्यातून तिने जे ओढून काढलं ते माझ्यापेक्षा उंच होतं. पिवळं. स्पंजचं. वर काळं देठ. पुढे मोठं हसरं तोंड कापलेलं, त्याला आतून जाळी. पाठीवर केळीचे वेफर्स विकणाऱ्या एका कंपनीचं नाव.

‘‘हे घाला,’’ ती म्हणाली. ‘‘आणि तुमचं ते चालणं आहे ना, कंबर हलवून, तसं चालायचं. लोकांना मजा येते.’’

माझ्या अंगात नवीन बनियन होतं. छातीवर माझं नाव. बायकोने लाल दोऱ्याने, दोन रात्री बसून भरलेलं.

आधी मी कोण ते सांगतो. मी अमळनेरला एका कॉलेजात शिपाई आहे. मैदान माझ्याकडे. क्रीडा महोत्सव आला की ट्रॅकच्या रेषा मी मारतो. फक्कीची गाडी पुढे ढकलायची आणि मागे नाकाच्या रेषेत चालायचं, पावलापुढे पाऊल. बावीस वर्षं हेच. पोरं येतात, त्या रेषांमधून पळतात, मेडल घेऊन जातात. मी संध्याकाळी पुन्हा मैदानावर पाणी मारतो. कॉलेजात मला सगळे मामा म्हणतात. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरापर्यंत. नाव सांगितलं तर तुम्हीही दोन मिनिटांनी मामाच म्हणाल, म्हणून सांगत नाही.

चाळिशी ओलांडली आणि रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. चालणं तर पोटापाण्याचंच होतं, मग जरा जोरात चालायला लागलो. आमचे खेळाचे सर एक दिवस कट्ट्यावरून बघत होते. म्हणाले, ‘‘अरे, तुझा गुडघा ताठ पडतोय. ही तर वॉक रेस आहे.’’ चालण्याची शर्यत असते हे मला माहीत होतं, तिच्याही रेषा मीच मारत होतो. तिचा नियम असा, की एक पाय सतत जमिनीवर हवा आणि पुढे पडणारा गुडघा वाकता कामा नये. असं जोरात चाललं की कंबर आपोआप फिरते. हौसेने फिरवत नाही कोणी. मी शिकलो. धुळ्याला प्रौढांच्या स्पर्धेत पाच हजार मीटरला दुसरा आलो. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर त्याचं काही लागलं नाही. नोटीस बोर्डाची किल्ली माझ्याचकडे असते, पण स्वतःच लावायला लाज वाटली.

मग कोणीतरी सुचवलं, आजकाल खेळाडूला स्वतःचा ब्रँड लागतो. रोज काहीतरी टाकायचं. म्हणून पेज काढलं, माझ्या पूर्ण नावाचं. कॅमेऱ्यावर बायको. सुरुवातीच्या आठ व्हिडिओंत तिचा अंगठा माझ्यापेक्षा जास्त दिसतो. मी व्हिडिओत एनसीसीच्या पोरासारखा सावधान उभा राहून बोलायचो, ‘‘नमस्कार, मी खेळाडू बोलतोय.’’ बघणारे अकरा. त्यात तीन साडू.

एक व्हिडिओ मात्र फिरला. कोणीतरी माझं चालणं उचललं, खाली बँडबाजाचं गाणं लावलं आणि सोडून दिलं. नाव कापलं. धुळ्यापासून भुसावळपर्यंत लोकांनी पाहिला. स्टाफरूममध्ये चहा घेऊन गेलो तर एक प्राध्यापक म्हणाले, ‘‘मामा, एकदा चालून दाखवा.’’ मी ट्रे हातात धरून चालून दाखवलं. सगळे हसले. मीही हसलो. वाटलं, ओळख होतेय.

त्यानंतर अध्यक्षसाहेबांचा फोन. जळगावातले मोठे बिल्डर, धावणाऱ्यांच्या क्लबचे अध्यक्ष. म्हणाले, ‘‘तुमचा व्हिडिओ घरात सगळ्यांनी पाहिला. हसून हसून लोळले. यंदा तुम्हीच आमचे ब्रँड अँबॅसिडर.’’ मी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं. विचारलं, ‘‘साहेब, वॉक रेसचा एखादा गट ठेवाल का? निदान माझं नाव घेऊन दोन शब्द?’’ ते म्हणाले, ‘‘बघू ना.’’ मी त्याला हो समजलो. बनियन शिवायला टाकलं. बायकोला घेऊन आदल्या दिवशीच गाडीने जळगाव गाठलं, साडूकडे मुक्काम.

आणि आता हातात केळं.

मी नाही म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं, ‘‘बरं मॅडम.’’ माझ्या मुलीच्या वयाच्या पोरीला. बावीस वर्षांत हा शब्द इतका गुळगुळीत झालाय की घशात अडकतच नाही.

आत कोणाच्या तरी जुन्या घामाचा वास. चेन पाठीमागे. त्या पोरीने ओढली आणि माझं नाव आत गेलं.

सुरुवातीच्या कमानीपाशी माइकवाला ओरडत होता, ‘‘आलं आलं, आपलं खान्देशचं केळं आलं. मामा, कंबर हलवा.’’ मी चालायला लागलो. पोरांनी देठ ओढलं. महागड्या बुटांतला एक जण सेल्फीसाठी गळ्यात पडला आणि त्याने स्पंजावर बुक्की मारली. जाळीतून मला जग चौकटी चौकटींचं दिसत होतं. लोकांची तोंडं दिसत होती. माझं कोणाला दिसत नव्हतं.

आणि मला शाळा आठवली. आमच्या गावच्या शाळेत गॅदरिंगला नाटक असायचं. राजा पाटलाच्या घरचा, प्रधान दुकानदाराचा, राणी मास्तरांची. आमच्या वस्तीतल्या पोराला अस्वल. गोणपाट शिवलेलं, तोंडाला दोन भोकं. तीन वर्षं मीच अस्वल होतो. मास्तर म्हणायचे, तुला शोभतं. आई पहिल्या रांगेच्याही पुढे जमिनीवर बसायची आणि शेजारणीला सांगायची, ते अस्वल माझं आहे. चेहरा दिसणारं काम आम्हाला कोणी दिलं नाही. मी मागितलंही नाही. चाळीस वर्षांनी गोणपाटाचा स्पंज झाला, इतकीच काय ती प्रगती.

मेहरूण तलावाच्या वळणावर बायको उभी राहणार होती. तिथून माझं चालणं बाजूने नीट येईल, असं तिनेच ठरवलं होतं. ती दिसली. स्वेटरवरून पदर घेतलेला, फोन दोन्ही हातांत, टाचा उंचावून रस्त्याकडे बघत होती. मी जवळ आलो. तिने केळ्याकडे पाहिलं. पदर तोंडाला लावला आणि हसली. खळखळून. चार पावलं फोन माझ्यामागे फिरवला.

मग परत रस्त्याकडे वळवला. माझी वाट बघायला.

मी हाक मारली. स्पंजात हाक मुरली. तिच्यापुढून मी निघून गेलो आणि ती मला शोधत राहिली.

पुढे पन्नास पावलांवर एक चहाची गाडी होती. मी थांबलो. पाठीमागे हात पोचेना. गाडीवाल्या चाचांना म्हणालो, ‘‘चेन ओढा.’’ त्यांनी ओढली. माझ्याकडे पाहिलं, एक ग्लास पाणी पुढे केलं. ‘‘कबसे अंदर थे, भाई?’’

मी म्हणालो, ‘‘शाळेपासून.’’ त्यांना काय कळणार. पण ग्लास परत घेताना त्यांनी मान हलवली.

तेवढ्यात अध्यक्षसाहेबांची उघडी जीप आली. ‘‘मामा, हे काय? स्पॉन्सरचा फोटो राहिलाय. घाला बरं ते.’’

‘‘नाही घालणार.’’

‘‘अहो गंमत असते ही. एवढं काय मनाला लावून घेता?’’

‘‘साहेब, माझं नाव काय?’’

त्यांनी मागच्या सीटवरच्या त्या ओळखपत्रवाल्या पोरीकडे पाहिलं. पोरीने हातातल्या कागदाकडे पाहिलं. कागदावर बहुतेक केळं असंच लिहिलेलं असावं. नाव माझ्या छातीवर होतं, लाल दोऱ्याने, हातभर अंतरावर. दोघांनीही तिथे पाहिलं नाही.

‘‘उगाच तमाशा नका करू मामा. आमच्या पेजवर आला असता तर तुमचे फॉलोअर वाढले असते.’’

‘‘केळ्याचे वाढले असते.’’

मी ते धूड उचलून जीपमध्ये, त्यांच्या शेजारच्या सीटवर नीट बसवलं. केळं हसतच होतं. जीप गेली.

उरलेलं अंतर मी चाललो. गुडघा ताठ, पाय जमिनीवर, कंबर फिरते तशी फिरू दिली. रस्त्याच्या कडेला लोक हसले. हसू दिलं. माझ्या खेळात कंबर फिरते. ज्याला बघायचं त्याने माझ्या तोंडाकडे बघून हसावं. पण चेहरा झाकून मिळेल ते कुठलंच काम इथून पुढे घेणार नाही, मग स्टेज कितीही मोठं असो. सोमवारी कॉलेजात गेलो की नोटीस बोर्ड उघडायचा आणि धुळ्याचा निकाल लावायचा, हे मी चालता चालताच ठरवलं. कोणी विचारलं तर सांगायचं, खेळाडूने लावलाय.

शेवटच्या कमानीत माझ्या छातीवर स्पर्धेचा नंबर नव्हता म्हणून माझी वेळ नोंदली गेली नाही. मेडल वाटणारा म्हणाला, ‘‘नंबर नाही तर मेडल नाही.’’ बरोबरच होतं त्याचं. स्टेजवर लकी ड्रॉ चालू होता. मी बसलो होतो त्या सोफ्यावर कोणीतरी दुसरं बसलं होतं.

मी आल्या वाटेने परत चालत तलावाच्या वळणावर आलो. रस्ता रिकामा. सफाईवाल्या बाया कागदी पेले गोळा करत होत्या. बायको तिथेच, फोन तसाच धरलेला. कुठे होतो म्हणून आमच्या अहिराणीत रागावली.

‘‘कथा व्हतात तुम्ही? बठ्ठा लोक गयात. तुम्ही दिसनातच नही.’’

मी सांगितलं. तिने ऐकलं. फोनवर तो व्हिडिओ लावला. केळं डुलत येतं, जवळ येतं, जातं. आणि त्या सगळ्यावर तिचं हसणं. जोरात. अगदी जवळचं. फोन तिच्या तोंडाशीच होता.

तिने तो दुसऱ्यांदा लावला. तिसऱ्यांदा मी तिचा हात धरला.

‘‘पुसून टाक,’’ म्हणालो.

‘‘पुसानं नही,’’ ती म्हणाली. ‘‘आपला पेजवर हाऊच टाका. खाले तुम्हनं पुरं नाव लिखा. आनि हासनारी मन्ही बायको शे, ते बी लिखा. मंग दखू कोन हासस.’’