पाताळातलं जेवण

“मेधा मॅम, म्हातारी अजून डेंजर पाहिजे,” निनाद म्हणाला.

काचेपलीकडे कुमुदताईंनी पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा एकदा खदाखदा हसल्या. हसणं संपलं ते खोकल्यात.

मी डबिंग डायरेक्टर आहे. परभाषेतला सिनेमा मराठीत बोलता करायचा, कोणी कुठलं वाक्य कसं म्हणायचं ते बघायचं, हे माझं काम. अंधेरीतला आमचा स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या. आतल्या खोलीत माइक, स्क्रीन आणि कलाकार. मधे काच. काचेअलीकडे मी, आमचा रेकॉर्डिस्ट संजू आणि डोक्यावर बसलेला क्लायंट. या वेळी क्लायंट म्हणजे निनाद. मुलुंडचा मुलगा, जेमतेम तिशीचा, सिनेमा आणणाऱ्या कंपनीचं मराठीचं काम बघणारा. मुलगा चांगला आहे हो, पण घोड्यावर बसूनच येतो.

सिनेमा जपानी, ॲनिमेशनचा. धाकट्या भावाला सोडवून आणायला एक मुलगी पाताळात उतरते. पाताळाचा नियम एकच. तिथलं अन्न खाल्लं की माणूस कायमचा तिथलाच. आणि नेमकी दारातच एक म्हातारी चूल पेटवून बसलेली. येईल त्याला प्रेमाने वाढते. मुलगी दमलेली, भुकेने कासावीस. तिने एक घास जरी घेतला, तर भाऊही गेला आणि तीही गेली.

ही म्हातारी कुमुदताईंच्या वाट्याला आली होती. त्या दहिसरला राहतात, मूळ मालवणकडच्या. इतकी वर्षं त्यांनी फक्त ‘क्राउड’ केलं. क्राउड म्हणजे गर्दीचे आवाज. बाजारातला गलका, लग्नातली कुजबुज, बस दरीत कोसळताना मागच्या सीटवरची किंकाळी. सगळं केलं, पण शेवटच्या पाट्यांवर नाव कधी आलं नाही. ही पहिलीच भूमिका, जिच्यासमोर त्यांचं नाव लागणार होतं. चाळीत सांगून झालं होतं, नातवंडांना सांगून झालं होतं, मासेवालीलासुद्धा सांगून झालं होतं. 

डबिंग करताना कानात मूळ आवाज चालू असतो. त्याला आम्ही पायलट म्हणतो. मला जपानीतलं ओ की ठो कळत नाही, पण पायलटमधली म्हातारी हसत नव्हती एवढं कळत होतं. ती हळू बोलत होती.

“निनाद, मूळ बाई हसत नाहीये रे.”

“मॅम, तिकडच्या पोरांना माहीत असेल. आपल्या पोरांना कळायला नको, ही व्हिलन आहे ते?”

“चूल पेटवून बसलेली बाई व्हिलन आहे हे हसून कळणार?”

“हिंदीत असंच केलंय. झकास वाटतंय.”

हिंदीत केलंय म्हटल्यावर या धंद्यात पुढे बोलायची सोय नसते. आणखी दोन टेक घेतले. कुमुदताईंच्या हसण्याला मी तरी घाबरले नसते. सर्दी झालेल्या शेजारणीला कोण घाबरतं?

निनादने खुर्ची माझ्याकडे वळवली. “नाही जमत त्यांना. मी एकीला विचारून ठेवलंय, दुपारनंतर येईल. यांना काय तो आजचा चार्ज देऊन टाकू.”

“जेवल्यावर एकदा बघू. माझ्यासाठी.”

“एकदाच हां मॅम.”

तेवढ्यात संजूने माझ्या पायावर पाय मारला. आतल्या कलाकाराशी बोलायचं एक बटण असतं, टॉकबॅकचं. निनादचं कोपर त्या बटणावर होतं.

काचेपलीकडे कुमुदताई आमच्याकडे बघत होत्या. त्यांनी हेडफोन काढले, नीट खुंटीला अडकवले आणि बाहेर आल्या. मला तोंड कुठे लपवू असं झालं. निनादने तर मोबाइलमध्येच डोकं घातलं.

“ऐकलं मी,” कुमुदताई म्हणाल्या. “ते बघू मागाहून. आधी जेवा बघू सगळी.”

आणि त्यांनी डबा उघडला. घावणे आणि काळ्या वाटाण्याची आमटी. पहाटे उठून केलेलं, दहिसरपासून मेट्रोत मांडीवर धरून आणलेलं. वास सगळ्या स्टुडिओभर झाला.

“साहेब, या.”

“नको, मी लंच करत नाही. डाएट चालूय.”

“बरं. मग जेवू नका. नुसती चव बघा.”

“नको, खरंच नको.”

“अर्धाच घावणा. अर्ध्याने काय होतंय? घरून निघताना खाल्लंत काय?”

“कॉफी घेतली.”

“अगो बाई! कॉफीवर कोण राहतं? आई ओरडत नाही तुमची?”

“आई... आई नाशिकला असते, भावाकडे.”

“तरीच,” कुमुदताई म्हणाल्या. ‘साहेब’ म्हणणं कुठच्या कुठे गेलं. “बस बाबा. उपाशी खंय जातलंस? एकच घास. माझ्यासाठी.”

त्यात काही डाव नव्हता. ज्या माणसाने आत्ताच तुमचं काम काढून घेतलंय, तो उपाशी आहे हे त्यांना बघवत नव्हतं, बस. मला इतकं भरून आलं की मी उगाच पाण्याची बाटली शोधायला उठले.

परत आले तर निनाद बसला होता. अर्धा घावणा संपला होता, अख्खा ताटलीत होता. “नको, नको” चालूच होतं, पण प्रत्येक ‘नको’ आधीच्यापेक्षा बारीक. तिसरा घावणा आला तेव्हा त्याने नुसती ताटली पुढे केली.

मी तिथेच थांबले. अरे, हाच तर आमचा सीन!

सिनेमातल्या त्या बहिणीचा आवाज देणारी इरा बाहेर आईबरोबर बसली होती. दहा वर्षांची, बोरिवलीची पोर. तिचं रेकॉर्डिंग नंतर होतं. डबिंगमध्ये प्रत्येकाला वेगवेगळं बोलावतात, एकमेकांची तोंडंही दिसत नाहीत. एकत्र घेतलं तर एक चुकला की दोघांना पुन्हा करावं लागतं. तरी मी संजूला दुसरा माइक लावायला सांगितला आणि दोघींना एकत्र आत नेलं.

“कुमुदताई, आता हसायचं नाही. ही पोर उपाशी आहे. हिला जेवायला घाला.”

“एवढंच?”

“एवढंच. फक्त चित्रातलं तोंड मिटलं की तुम्हीही थांबा.”

इराच्या कागदावर वाक्य होतं, ‘नाही! तुझं अन्न मी खाणार नाही, दुष्टे!’ ते तसंच ठेवलं.

स्क्रीनवर चूल पेटली. कुमुदताई इतक्या हळू बोलल्या की संजूने आवाज वाढवला. “आलीस? किती गो दमलीस. बस. तुझ्यासाठीच ठेवलंय. एक घास घे, माझ्यासाठी.”

इरा कागद बघायचं विसरली. ती कुमुदताईंकडेच बघत राहिली. चित्रातल्या मुलीचं तोंड उघडलं आणि इरा म्हणाली, “नको... नको ना आजी.” चित्रातलं तोंड अजून उघडंच होतं. तिथे तिला हुंदका आला. तो मी सांगितला नव्हता.

टेक संपला. आत कुमुदताई इराच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. संजूने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. 

“मॅम,” निनाद म्हणाला, “मी असतो तर खाल्लं असतं.”

“तू खाल्लंस की. तीन.”

तो कानापर्यंत लाल झाला. मग मोबाइल घेऊन बाहेर गेला आणि त्या दुसऱ्या बाईंना येऊ नका म्हणून सांगून आला. टॉकबॅकचं बटण त्याने या वेळी मुद्दाम दाबलं. “कुमुदताई, सॉरी. म्हातारी तुमचीच.”

“बरं,” आतून आवाज आला. “डब्यात अजून एक आहे.”

सिनेमा लागला तेव्हा बोरिवलीच्या थिएटरात कुमुदताईंची अर्धी चाळ आली होती. मीही होते. चुलीचा सीन आला, म्हातारीने घास पुढे केला. मग मागच्या रांगेतला एक छोटा मुलगा जिवाच्या आकांताने ओरडला, “खाऊ नको गं!” आणि रडायलाच लागला.

कुमुदताईंना राहवेना. त्यांनी पर्समधून चिक्की काढली आणि अंधारातच मागे वळल्या. “रडू नको रे बाळा. ही घे, एक घास खा.”

तो मुलगा जो किंचाळला! बापाच्या खांद्यावरच चढला आणि उतरेचना.

शेवटच्या पाट्या आल्या. ‘पाताळातली आजी’ आणि पुढे त्यांचं पूर्ण नाव. चाळीने शिट्ट्या मारल्या. कुमुदताई डोळे पुसत हातातली चिक्की स्वतःच खात होत्या.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. क्लायंटला काही पटवायचं असेल, तर त्याला आधी जेवायला घालायचं.