सूर्यमाळची हळवी नाचणी

पीएच.डी.साठी मी नाचणी निवडली तेव्हा पुण्यातल्या प्रयोगशाळेत बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. बाकीचे भातावर नाहीतर टोमॅटोवर काम करत होते. मला ढिम्म फरक पडला नाही. जव्हारकडच्या साखरशेतला घरच्या नाचणीच्या भाकरीवर वाढलेली मी, मला नाचणी कोण शिकवणार? नव्वदचं दशक सरत आलं होतं. डीएनए हा शब्द लोक वर्तमानपत्रात वाचत होते आणि मी तो माझ्या हातांनी काढत होते. जरा शेफारलेच होते, हे कबूल.

मे महिन्यात जव्हार-मोखाड्याचे पाडे पालथे घालून मी बियाणं गोळा केलं. सूर्यमाळच्या एका मावशींनी मडक्यातलं, राख लावून ठेवलेलं मूठभर बी माझ्या पाकिटात ओतलं. त्यांची नाचणी हळवी, सगळ्यांच्या आधी पिकणारी. जुनं धान्य संपलेलं आणि भात अजून हिरवं असतं, त्या दिवसांत त्यांच्या चुलीवर हिचीच भाकरी.

"अशी दुसऱ्या कुनाकडं नाय," त्या म्हणाल्या. "पेर हां."

मी मान डोलावली. बी देताना असं म्हणतातच, त्यात काय एवढं, असं मला वाटलं.

पुण्याला परतताना एक मुक्काम घरी केला. पाकिटं पडवीत मांडून मी आईपुढे मावशींच्या हळव्या नाचणीचं तोंडभर कौतुक केलं आणि वर दमही दिला, "हात लावू नकोस. मिसळलं तर माझं वर्ष फुकट जाईल." आई भाकरी थापत होती. तिनं फक्त एकदा पाकिटांकडे पाहिलं.

प्रयोगशाळेत बी रुजवायचं, कोवळी रोपं खलात घोटायची आणि त्यातून डीएनए वेगळा करायचा, हे माझं काम. नाचणीचा रस चिकट, त्यामुळे डीएनए तपकिरी आणि गढूळ यायचा. मी महिनोन्‌महिने त्याच्याशी भांडले आणि जिंकले. शेवटी जेलच्या पातळ, पारदर्शक थरात प्रत्येक वाणाच्या डीएनएचे पट्टे दिव्याखाली चमकले. मावशींच्या नाचणीत एक पट्टा असा होता, जो दुसऱ्या कुठल्याच वाणात नव्हता. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्या पट्ट्यांचा फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. माझे पाय जमिनीवर नव्हते. त्याच भरात मी कपाट आवरलं आणि उरलेली पाकिटं कचऱ्यात टाकली. फोटो हातात होता, आता बी कशाला हवं होतं?

पुढच्या मे महिन्यात तो फोटो मिरवत मी सूर्यमाळला गेले. मावशींनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात नाचणी कुठं हाय?"

मी उत्साहानं समजावू लागले, तर त्या मध्येच म्हणाल्या, "माझी रोपं गेल्या साली पावसानं वाहून नेली, पोरी. होतं नव्हतं बी परत टाकलं, तेपन गेलं. पन मी घाबरले नाय. तुला दिलेलं हाय ना. पेरलंस ना?"

बी वाटायचं ते याचसाठी. एका घरचं गेलं तर दुसऱ्या घरी उरावं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, मी त्याच मातीतली. तरीही मी म्हणाले, "हो."

साखरशेतला पोचेपर्यंत मला स्वतःची इतकी लाज वाटली, की आईनं पुढे केलेलं पाणी मी तसंच खाली ठेवलं. तिला सगळं सांगून टाकलं. ती उठली आणि चुलीच्या वर टांगलेली कणसांची जुडी काढून तिनं माझ्यापुढे ठेवली.

"चिमूटभर घेतलं होतं तुझ्या पाकिटातून. मागच्या दारी लावलं. घरात आलेलं बी न पेरता कसं जाऊ द्यायचं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलू देत होतीस का?"

दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा सूर्यमाळचा चढ चढले. जुडी मावशींच्या ओटीत घातली आणि खरं काय ते सांगितलं. मी पेरलं नव्हतं, फेकून दिलं होतं. पेरलं ते आईनं.

मावशींनी एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली, दाणे निरखून पाहिले. मग जुडीतली दोन कणसं काढून माझ्यापुढे धरली.

"ही घेऊन जा. पन आईच्या हातात दे."