मावशींचा चिमटा

डॉक्टर लोक नवं औषध पुस्तक वाचून लिहितात, असं तुम्हाला वाटत असेल तर तो गैरसमज आधी काढून टाका. मी तरी तसा लिहीत नव्हतो. धाराशिवला माझा संधिवाताचा दवाखाना. बायोसिमिलर इंजेक्शनांबद्दल ढीगभर वाचलं होतं. मूळ महागड्या औषधासारखंच काम करणारं, पण दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं औषध ते. लिहायची वेळ आली की मात्र पेन अडायचं. उद्या काही वाकडं झालं तर? आपल्याकडं बातमी एसटीच्या आधी गावात पोचते!

येरमाळ्याकडच्या एक मावशी माझ्याकडं यायच्या. बोटं सुजलेली, गोळ्यांनी हात टेकलेले. मी दरवेळी दंड पुढं करून म्हणायचो, "मावशी, काढा चिमटा." चिमटा बसायचाच नाही आणि त्या हसायच्या. एक दिवस मात्र रडल्या. चैत्रात येडाई देवीच्या यात्रेला चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचायचे, ही आमच्याकडची रीत. नुकत्याच झालेल्या यात्रेत खडा त्यांच्या बोटांतनं निसटला, तेव्हा सुनेनं उचलून हातावर ठेवला.

"दुसऱ्यानं येचलेलं माझं कसं व्हईल, डाक्टर? पुढल्या चैतात म्या येचणार का न्हाय, तेवढं सांगा."

मूळ इंजेक्शन त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मी दुसऱ्या कंपनीचं समजावायला लागलो. "हे जिवंत पेशींपासून बनतं, मावशी, दह्यासारखं. घर बदललं तरी दही दहीच की."

"व्हय, पर इरजण कुणाच्या घरचं, ते बघूनच आणते म्या. तुमी ह्यांचं घर बघितलंय का?"

घ्या! मी त्यांच्यासमोरच सोलापूरच्या माझ्या सरांना फोन लावला.

सर खेकसलेच. "मी कधीचं देतोय! चांगला गुण येतो. अंगात दबलेला टीबी नाही ना ते तपास, पेशंटला सगळं नीट सांग आणि दे. औषधाला भितोस, का लोक नावं ठेवतील म्हणून भितोस?"

लोकांनाच भीत होतो, हे खरं होतं. असा राग आला म्हणून सांगू! सरांचा नव्हे, माझाच. तपासण्या ठीक निघाल्या आणि मी इंजेक्शन लिहून टाकलं. सूज उतरायला लागली. काही महिन्यांनी चिमटा जाणवायला लागला, मुंगी चावल्यागत. मी खुर्चीतनं उठून नाचायचाच बाकी होतो. पण मावशी म्हणाल्या, "आत्ताच नगं. खडा उचलू द्या."

चैत्र आला तसा दवाखान्याला कुलूप ठोकून मी येरमाळा गाठलं. ऊन मी म्हणत होतं, रान माणसांनी भरलेलं, "आई राजा उदो उदो"चा नुसता गजर. मावशी वाकल्या. सुनेनं हात पुढं केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. अंगठा न् बोट खड्याला भिडलं, खडा हलला, आणि वर आला!

"धरला! मावशी, धरला!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बाया वळून बघायला लागल्या. बघू देत! माझे डोळे भरून आले होते.

मावशींनी खडा पदरात टाकला, माझ्याजवळ आल्या आणि दंडाला असा करकचून चिमटा काढला म्हणता!

"आई गं!"

"लागलं का?"

"लई लागलं, मावशी."

"मंग आता कुणी इचारलं तर सांगा," त्या म्हणाल्या, "घर बघितलंय म्हणावं."

दंड चोळत मी हो म्हणालो.