यादीत 'चालते' मीच लिहिलं होतं

ग्रुपवाल्यांनो, आपल्या 'लिनक्सवर काय चालते' या यादीतली अंगठ्याच्या मशीनची ओळ मी आत्ता खोडली. ती माझीच होती.

सकाळी राजापेठेतल्या माझ्या दुकानावर रुबिनाताईंचा फोन आला. अकोटजवळच्या एका गावात त्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात. आपली यादी वाचून त्यांनी कालच कॉम्प्युटरवरची जुनी सिस्टीम काढून लिनक्स टाकलं.

"भाऊ, मशीनची लाइट लागते, पण अंगठा घेऊन नाही राहिली. दुष्काळाच्या मदतीचा फॉर्म अंगठ्याबिगर जात नाही, अन् आज शेवटचा दिवस हाय. दारात लोकं बसले हायेत."

यादीत लिहिताना मी तसलीच मशीन जोडली होती, लाइट लागली, स्क्रीनवर मशीनचं नाव आलं. तेवढ्यावर 'चालते' लिहून मोकळा झालो. अंगठा लावून पाहिलाच नव्हता.

दुपारपर्यंत फोनवर खटपट केली, जमलं नाही. धडधाकट लोक एसटीनं अकोटला गेले, म्हातारे घरी परतले.

ताई म्हणाल्या, "एक आजी इचारून गेली, कापूस येचून येचून माहा अंगठाच घासला काय व?"

तुमच्यापैकी किती जणांनी नुसती लाइट पाहून 'चालते' लिहिलंय?