मोटेच्या कातड्याची बॅग

आमचा काऱ्या हेला मेला तेव्हा मी मराठी शाळेत दुसरीला होतो. तो विमानात बसला तेव्हा मला दोन मुलं झाली होती.

(हेला म्हणजे रेडा. आमच्या करडी गावच्या धानाच्या बांध्यांत चिखलणीला बैलापेक्षा त्याचाच मान मोठा.)

ऐंशी सालाच्या आगेमागे मी चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीवर कचेरीत होतो. आमच्या साहेबांचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नसल्यामुळे खनिजाचे नमुने तपासणीसाठी मुंबईला कुणीतरी हातानेच न्यायचे, असं ठरलं आणि ते काम माझ्या वाट्याला आलं. नागपूरहून विमानाने! करडीत तोवर विमान ही फक्त मान वर करून पाहायची वस्तू होती. माझी बायको विमल नळावर गेली की बाकीच्या बाया तिला आधी भांडं लावू देत. मुलं विमानातल्या गोळ्यांचे कागदसुद्धा पुस्तकात जपून ठेवत. खरं सांगायचं तर विमान सोडलं तर माझ्यात सांगण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

घोळ एकच होता, मँगनीजचा. दिसायला मूठभर दगड, पण उचलताना खांदा जागचा हलतो. सामानात ते टाकायचे नाहीत, हातातच ठेवायचे, असा साहेबांचा हुकूम. पहिल्या रेक्झिनच्या बॅगेचा कान तुटला. दुसरीचा तळ विमानाच्या शिडीवरच सुटला आणि मागून चढणाऱ्या गृहस्थांच्या पायावर भंडारा जिल्ह्याची खनिजसंपत्ती पडली. ते गृहस्थ नेमके साहेबांच्या ओळखीचे निघाले. साहेबांनी मला बोलावून थंडपणे सांगितलं की आणखी एक बॅग फाटली तर मुंबईच्या फेऱ्या डोंगरेकडे जातील. डोंगरे माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याच दिवशी त्याने मला विचारलं, खिडकीजवळची जागा कशी मागतात?

माझी झोप उडाली. टिकाऊ बॅग हवी म्हणून मी बाबांना घेऊन तुमसरला गेलो. दुकानदाराने चांगली कडक, कुलपाची पेटी काढली. बाबांनी ती ठोकून पाहिली, वास घेतला, आणि दुकानदार वळलेला असताना प्यायला दिलेलं लोटाभर पाणी तिच्यात ओतलं. पाणी खालून गादीवर आलं. बाबा शांतपणे म्हणाले, "जे पानी धरत नाई, थे गोटे काय धरन?" पुढची तीन दुकानं आम्हाला कुणी पाणी विचारलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी माळ्यावरून मोट काढली. विहिरीवर विजेचा पंप बसल्यापासून ती तिथे गुंडाळून पडलेली होती. ती काऱ्याच्या कातड्याची होती. काऱ्या गेला तेव्हा बाबांनी ते दुसऱ्या कुणाला देऊ दिलं नव्हतं. गावातल्या लहानूने त्या मोटेची बॅग शिवली. बाबा शेजारी बसून शिवणीत लाख आणि मेण भरत होते. तोंडाला दोन घड्या घालून वर जाड पट्टे आवळायचे. मग तिच्यात काठोकाठ पाणी भरून ती मोहाच्या झाडाला टांगली. एक थेंब गळला नाही. नवी मोट विहिरीत सोडण्याआधी लावतात तशी बाबांनी तिला हळद लावली. बॅग काळी होती, पोटाशी गोल होती आणि एका बाजूला तिच्यावर अजून थोडे केस होते.

मला ती मनापासून आवडली नाही. पण फाटणार नाही, हे दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पट्टे आवळून ओट्यावर उन्हात ठेवली होती. गाव जेवून निजलेलं. वाऱ्याचं नाव नाही. मी नमुन्यांच्या पुड्या बांधत होतो आणि आई सुपात तांदूळ निवडत होती. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला. लांब, खोल, थकलेला. "हूंऽऽऽ."

आईच्या हातचं सूप खाली आलं. मी बॅगेकडे पाहिलं. तिचं पोट हळूहळू खाली बसत होतं. गोठ्यातल्या सगळ्या जनावरांनी रवंथ थांबवून माना तिकडे वळवल्या होत्या. दिवसभर ओट्यावर पडून असणारा कुत्रा उठला, बॅगेला मोठा वळसा घालून फाटकाबाहेर गेला आणि तिन्हीसांजेपर्यंत आला नाही.

"काऱ्याचा आवाज हाये," आई म्हणाली. "खांद्यावरचं जू काहाडलं का थो असाच करे."

हे मलाही आठवत होतं. आठवलं नसतं तर फार बरं झालं असतं. विमल माजघरातून म्हणाली की ही वस्तू मुलं शाळेतून यायच्या आत घराबाहेर न्या. बाबा मात्र उठले आणि त्यांनी बॅगेच्या पाठीवरून हात फिरवला. "कायले भेता? घरचाच हाये थो." आईने बॅगेपुढे मूठभर धानाचं तणस ठेवलं. थोड्या वेळाने पाहिलं तर तणस नव्हतं. (आमच्याकडे एक शेळी होती. हे मी स्वतःला निघेपर्यंत सांगत होतो.)

नागपूरच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. उभे राहिलेले लोक होते, तरी रिकामी राहिली. विमानतळावर पोलिसाने पट्टे सोडून आत डोकावलं, नाक मागे घेतलं आणि विचारलं, "इसमें क्या मरा है?" आता काय सांगणार! मी म्हणालो, दगड आहेत. त्याने माझ्याकडे पाहत पाहत पट्टे स्वतःच करकचून आवळले.

आणि या खेपेला साहेब स्वतः बरोबर होते. बॅग पाहायलाच आलेत, असं मला वाटत होतं. आत त्यांची जागा माझ्या शेजारीच आली. मी बॅग पायांशी ठेवली. विमान वर चढू लागलं आणि काहीतरी माझ्या पोटऱ्यांना टेकलं. मी पाय मागे घेतले. ते पुन्हा टेकलं. खाली पाहिलं तर बॅग फुगत होती. तिच्या बरगड्या असाव्यात तशा शिवणी वर आल्या होत्या. कातडं कुरकुरत होतं. केसांचा तो पट्टा माझ्या विजारीला घासत होता आणि बाहेर पांढऱ्या ढगाशिवाय काही दिसत नव्हतं. मी मनात म्हणालो, काऱ्या, बाबा रे, नोकरीचा प्रश्न आहे.

"हूंऽऽऽऽऽ."

सगळ्या विमानाने माना वळवल्या. पुढच्या रांगेतल्या आजींनी डोळे मिटून रामनाम सुरू केलं. हवाईसुंदरी धावत आली आणि कोण आजारी आहे म्हणून विचारू लागली. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. बॅगेचं नाव घेतलं असतं तर माझ्या फेऱ्या, विमलचा नळावरचा मान, मुलांचे कागद, सगळं तिथेच संपलं असतं. मी पोटावर हात ठेवला आणि म्हणालो, "मीच, सर. थोडा गॅस."

मुंबईपर्यंत काऱ्याने आणखी बरेच सुस्कारे टाकले. प्रत्येक वेळी मी "माफ करा" म्हणालो. पुढे पुढे तर आवाजाच्या आधीच कण्हायला लागलो, म्हणजे शंका नको. हवाईसुंदरीने मला लिंबू दिलं. आजींनी अंगारा दिला.

मुंबईत उतरल्यावर साहेबांनी बॅग स्वतः उलटीसुलटी करून पाहिली. एक टाका उसवला नव्हता. ते खूश झाले. म्हणाले, अशीच बॅग पाहिजे, आता ही कचेरीचीच. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पण या तब्येतीत तुम्ही विमानात बसायचं नाही. पुढच्या वेळेपासून बॅग डोंगरे नेईल."

मला फार वाईट वाटलं. बॅग टिकली आणि मीच टिकलो नाही.

परतताना रेल्वेत बसून मी विचार केला. जिथून पाणी जात नाही तिथून हवा तरी कशी जाणार? उन्हाने, नाहीतर विमानाच्या उंचीमुळे, आतली हवा फुगत असेल आणि तोंडाच्या घड्यांतून वाट काढत असेल. एवढा उलगडा झाल्यावर मला धीर आला. डोंगरेचीही अशीच फजिती होणार, या आनंदात मी त्याच्या पहिल्या फेरीला बॅगेचे पट्टे स्वतः आवळून दिले. जेवढे आवळता येतील तेवढे.

तो परत आला तेव्हा मी विचारलं, बॅगेने काही आवाज केला का?

"बॅगेनं? नाई जी," डोंगरे म्हणाला. "गरीबावानी बसून होती. जाताना नाई, येताना बी नाई." मग खुर्ची जरा लांब सरकवून त्याने हळूच विचारलं, "तुमचं पोट कसं हाये आता?"

तेव्हापासून घरात कुठे दार कुरकुरलं किंवा नळ घुरघुरला की सगळे आधी माझ्याकडे पाहतात. आणि मीही कुणाशी वाद न घालता पोटावर हात ठेवतो आणि "माफ करा" म्हणतो.